पहिला क्विल्ट ब्लॉक शिवताना: नऊ तुकड्यांची चांदणी

क्विल्टिंग (कापडाचे छोटे तुकडे जोडून पांघरूण करणं) सुरू करायचंय, पहिला ब्लॉक, म्हणजे त्यातला एक चौकोनी नमुना, कुठला करू असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून चांदणी सांगते. नेटवर शोधायची असेल तर फ्रेंडशिप स्टार ह्या नावाने सापडेल. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन तुकडे, एकूण नऊ. त्यातले पाच साधे चौकोन आणि चार अर्धे-अर्धे, म्हणजे दोन रंगांचे त्रिकोण जोडून झालेले चौकोन. बस. बरेच जण भिंगरी नावाच्या ब्लॉकपासून सुरुवात करतात कारण तिच्यात चारच तुकडे दिसतात, पण भिंगरीत मधोमध आठ त्रिकोणांची टोकं एकाच जागी येतात, तिथे कापडाचा गठ्ठा होतो, सुई अडते आणि नवीन माणूस तिथेच वैतागतो. चांदणीत तशी जागाच नाही.

एक आधीच सांगते, गोधडी शिवता येते म्हणून हे लगेच येईल असं धरून चालू नका. गोधडीत जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेकडेने आत धावदोरा घालत जायचं, त्यात एखादं ठिगळ वाकडं बसलं तरी कोणी पट्टी लावून बघत नाही, उलट छान दिसतं. इथे आधी नुसता वरचा थर बनवायचाय, छोटे तुकडे जोडून, आणि ते तुकडे मापात बसले नाहीत तर चांदणीची टोकं सरळ कापली जातात. त्यामुळे शिवण कमी आणि मोजणं, कापणं, इस्त्री जास्त, असा हा मामला आहे. ज्यांना मशीन फारसं येत नाही त्यांनी घाबरू नका, सगळ्या शिलाया सरळ रेषेत आहेत.

कापड कुठून आणि कसलं

पहिल्या ब्लॉकसाठी सुतीच घ्या. खण, पैठणीचे काठ, सिल्कचे ब्लाउजपीस वगैरे घरात पडलेलं असतं आणि हात शिवशिवतात, पण ते घसरतं, सुटतं, इस्त्रीला नखरे करतं, पाच-सहा ब्लॉक झाल्यावर बघा. पुण्यात असाल तर लक्ष्मी रोडच्या मोठ्या दुकानात जायचीही गरज नाही, तुमच्या भागातल्या कुठल्याही मॅचिंग सेंटरला जा, तिथे भिंतभर रंग लावलेले असतात आणि पाव मीटर मागितलं तरी बहुतेक वेळा कुरकुर न करता देतात. पॉपलिन किंवा केंब्रिक मागा. टू बाय टू रुबियापण चालतं पण त्यात मिक्स कापड खूप येतं, म्हणून प्युअर कॉटन आहे ना हे विचारायचं, आणि शंका असेल तर घरी येऊन दोन धागे ओढून काढायचे आणि जाळून बघायचे. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. मलमल आणि वॉयल नको, फार विरळ. प्रिंट हवी असेल तर रविवार पेठेत कापडगंजाच्या बाजूला चक्कर मारा, पण प्रिंट बारीक घ्या, मोठी फुलं साडेतीन इंचाच्या तुकड्यात अर्धवट कापली जातात आणि कसलं फूल आहे तेच कळत नाही.

दोन रंग लागतील, एक चांदणीचा, एक मागचा. दोघांमध्ये फिकट-गडद असा फरक ठळक पाहिजे. दुकानात दोन्ही ताके शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दोन्ही सारखेच करडे दिसले तर चांदणी दिसणार नाही, मग रंग कितीही वेगळे असोत. लाल आणि हिरवा हे जोडपं यात नेहमी फसवतं.

एका ब्लॉकला कापड फारच थोडं लागतं. चार इंच रुंदीची पट्टी काढली तर चांदणीच्या रंगाची साधारण १२ इंच लांब आणि मागच्या रंगाची २२ इंच लांब एवढी पुरते. म्हणजे ३६ इंच पन्ह्याचं पाव मीटर घेतलं तरी दोन ब्लॉक आरामात निघतात.

घरी आणल्यावर कापड रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, टेलर अस्तर भिजवून आणायला सांगतात ना, तेच कारण, सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि दोन कापडं वेगवेगळी आटतात. गडद रंग वेगळ्या बादलीत. पाणी रंगीत झालं तर पुन्हा पुन्हा धुवा जोवर स्वच्छ येत नाही. मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्याच्यावर विसंबू नका, पांढऱ्या मागच्या कापडावर लाल चांदणी करणार असाल तर ओला पांढरा रुमाल लाल कापडावर घासून बघा, डाग आला तर दुसरा लाल शोधा.

वाळलं की खळ. ही पायरी बरेच जण सोडतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिच्याने पडतो. साबुदाण्याची पातळ खळ, सुती साडीला करतो तशीच, किंवा बाजारातलं तयार स्टार्च, कापड जरा कडक झालं पाहिजे. कडक कापड कापताना सरकत नाही आणि तिरकी कड ताणली जात नाही. फक्त सगळं शिवून झालं की धुऊन टाका, खळ असलेलं कापड कपाटात तसंच ठेवलं तर कसर लागते.

बाकी सामान

टाचण्या, टेलरचा खडू किंवा साधी पेन्सिल, चांगल्या धारेची कात्री जिने कागद कापलेला नाही, सीम रिपर म्हणजे शिलाई उसवायचं छोटं हत्यार, हे सगळं तुळशीबागेत मिळून जातं. गोल ब्लेडचा कटर, मॅट आणि क्विल्टिंगची जाड पारदर्शक पट्टी असेल तर काम झटपट होतं, पण एका ब्लॉकसाठी तो खर्च करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी अप्पा बळवंत चौकात एक पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल घ्या, तिच्यावर बारीक मार्करने दोन चौकोन काढा, एक बरोब्बर साडेतीन इंचाचा आणि एक चार इंचाचा, आणि कापून घ्या. साडेतीनवाल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा. हे तुमचे साचे. काटकोन नीट यावा म्हणून कंपास पेटीतला गुण्या वापरा, अंदाजाने काढू नका, साचा वाकडा तर सगळंच वाकडं.

मशीनला नवी सुई, ११ किंवा १४ नंबर. टाका बारीक ठेवा, २ ते अडीच मिलिमीटर, जुन्या काळ्या मशीनवर इंचाला साधारण १२ टाके पडतील असा. दोरा करडा किंवा बदामी घेतला तर दोन्ही रंगांवर चालून जातो.

पाव इंचाचा हिशोब

क्विल्टमध्ये शिलाईची जागा पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. ब्लाउज-कुर्ता शिवणाऱ्यांना अर्धा-पाऊण इंच सोडायची सवय असते, त्यांना हे फारच कमी वाटतं. आणि इथे पाव म्हणजे पावच. समजा प्रत्येक शिलाईत तुम्ही नुसतं अर्धा सूत जास्त घेतलं, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही, पण शिलाईत दोन्हीकडचं कापड जातं म्हणजे झालं एक सूत, एका ओळीत दोन शिलाया म्हणजे दोन सूत, म्हणजे ब्लॉक पाव इंच लहान झाला, असे चार ब्लॉक शेजारी लावले की इंचभर गायब. बरं, चूक सगळीकडे सारखी असती तरी भागलं असतं, ती एका ओळीत होते दुसरीत होत नाही आणि मग ओळी एकमेकींना जुळत नाहीत.

मशीनच्या फुटाची कड म्हणजे पाव इंच असं समजू नका, पुष्कळ मशीनचा फूट त्याहून रुंद असतो. सरळ पट्टी फुटाखाली सरकवा, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या खुणेवर टेकवा, आणि पट्टीच्या उजव्या टोकाला लागून मशीनवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवा. थर एवढ्यासाठी की कापडाची कड त्याला टेकत टेकत जाते, डोळे फाडून बघायला लागत नाही. टेप फीडच्या, म्हणजे कापड पुढे सरकवणाऱ्या, दातांवर येऊ देऊ नका.

आता तपासणी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या रद्दी कापडातून कापा, लांबी कितीही, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच आली पाहिजे आणि सगळं मिळून साडेतीन इंच. मधली कमी आली तर शिलाई जास्त घेताय, टेप सुईकडे सरकवा. बहुतेकांना खऱ्या पाव इंचापेक्षा एक धागा कमी घ्यावा लागतो, कारण इस्त्री करून कापड दुमडतं त्या घडीतही थोडं खर्च होतं. ही तपासणी जमेपर्यंत पुढे जाऊ नका, खरंच.

कापणं

ब्लॉकसाठी हे तुकडे:
चांदणीच्या रंगाचे: साडेतीन इंचाचा १ चौकोन, चार इंचाचे २ चौकोन
मागच्या रंगाचे: साडेतीन इंचाचे ४ चौकोन, चार इंचाचे २ चौकोन

तयार ब्लॉक साडेनऊ इंच येईल आणि दुसऱ्या ब्लॉकला जोडल्यावर ९ इंच दिसेल.

कापडाची किनार कापून टाका, ती घट्ट विणलेली असते आणि नंतर चुण्या पाडते. दुकानदार कापड टर्रकन फाडून देतो तेव्हा ती कड धाग्यात सरळ असते पण ताणली गेलेली असते, तिच्यापासून अर्धा इंच आत सरळ कापून घ्या आणि तिथून मोजायला लागा. साचे नेहमी उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवायचे, तिरके नाही. साच्याभोवती पेन्सिल बारीक टोकाची असू द्या आणि कात्री रेघेच्या आतल्या बाजूने चालवा, नाहीतर प्रत्येक तुकडा रेघेच्या जाडीएवढा मोठा होतो.

अर्धे-अर्धे चौकोन

हेच खरं काम. त्रिकोण कापून त्रिकोणाला त्रिकोण जोडायचा नाही, कारण त्रिकोणाची तिरकी कड उरेब असते, आणि उरेब कापड हात लावला की ताणतं, म्हणून तर टेलर गळ्याला उरेब पट्टी लावतात. आपण आधी शिवणार, मग कापणार.

चार इंचाचा एक चांदणीचा आणि एक मागचा चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा. फिकट कापडाच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलने रेघ मारा. कापड पेन्सिलीबरोबर ओढलं जात असेल तर खाली पॉलिश पेपर ठेवा, खरखरीत बाजू वर, अजिबात हलत नाही. ह्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिलाई मारायची, रेघेवर नाही. इथे टेपचा उपयोग नाही कारण कड लांब आहे, म्हणून पहिल्या खेपेला दोन्हीकडे पाव इंचावर आणखी दोन रेघा मारून घ्या आणि त्यांच्यावरून शिवा.

सुरुवातीला मशीन कोपरा आत गिळतं, विशेषतः जुनं मशीन. त्यासाठी आधी एका चिंधीवर दोन-तीन टाके मारा आणि दोरा न तोडता लगेच मागे चौकोन घाला. एक जोडी झाली की दोरा न तोडता दुसरी जोडी. शेवटी मधले दोरे कापायचे.

मग मधल्या रेघेवर कापा. एका जोडीतून दोन, म्हणजे दोन जोड्यांतून चार, आपल्याला चारच हवेत.

इस्त्री करताना आधी तुकडा बंद असतानाच शिलाईवर इस्त्री टेकवा, टाके बसतात. मग उघडा आणि शिलाई गडद रंगाकडे झुकवून पुन्हा टेकवा. फिरवायची नाही. कपड्यांना करतो तशी इकडून तिकडे ओढली तर चौकोनाचा पतंग होतो. ठेवा, उचला, पुढे ठेवा. वाफ बंदच ठेवा.

उघडल्यावर चौकोन ३ इंच ५ सुतांच्या आसपास येईल. आपल्याला हवाय ३ इंच ४ सूत. म्हणजे मुद्दाम एक सूत जास्त ठेवलाय, शिवण्यात झालेला वाकडेपणा छाटून टाकायला. साडेतीनचा साचा वर ठेवा, साच्यावरची तिरकी रेघ बरोबर शिलाईवर आली पाहिजे, चारी बाजूंनी थोडं थोडं कापड बाहेर दिसलं पाहिजे, पेन्सिलने रेघा मारा आणि छाटा. कोपऱ्यांना जे दोन कान बाहेर आलेले असतात तेही जातील. छाटायचा कंटाळा येतो हे मान्य, पण टोकं नीट येणं पूर्णपणे ह्याच्यावरच आहे.

मांडणी

आता नऊच्या नऊ तुकडे टेबलावर मांडा. मधोमध चांदणीचा साधा चौकोन. चार कोपऱ्यांत मागच्या रंगाचे साधे चौकोन. उरलेल्या चार जागी अर्धे-अर्धे. त्यांची दिशा अशी: चांदणीच्या रंगाच्या त्रिकोणाचा काटकोन वरच्या तुकड्यात खाली-डावीकडे, उजव्या तुकड्यात वर-डावीकडे, खालच्यात वर-उजवीकडे, डाव्यात खाली-उजवीकडे. गोंधळ झाला तर एवढंच बघा की प्रत्येक त्रिकोणाची एक अख्खी बाजू मधल्या चौकोनाला चिकटलेली आहे आणि चारही टोकं एकाच दिशेला फिरल्यासारखी दिसतायत. फोटो काढून ठेवा. मशीनपर्यंत नेताना एक तुकडा फिरतोच, तेव्हा फोटो उपयोगी पडतो.

जोडणं

आधी आडव्या ओळी. पहिला-दुसरा, मग तिसरा. प्रत्येक जोडाला दोन्ही टोकांना टाचणी, टाचणीवरून सुई नेऊ नका, जवळ आली की काढा.

प्रत्येक ओळ झाली की इस्त्री, आणि इथे एकच नियम: शिलाई साध्या चौकोनाकडे झुकवायची, त्रिकोणवाल्याकडे नाही. असं केलं की पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिलाया आपोआप बाहेरच्या बाजूला जातात आणि मधल्या ओळीच्या आत. मग ओळीवर ओळ ठेवली की दोन शिलायांचे उंचवटे एकमेकांच्या विरुद्ध बाजूला येऊन खाचेत बसतात, बोटांनी चाचपलं तरी कळतं की बसलं. त्या जागी टाचणी लावा. फिकट कापडाखालून गडद कापडाची कड वरून दिसत असेल तर गडद कड एखादा धागा छाटून टाका.

ओळी एकमेकींना जोडताना दोन त्रिकोणवाले तुकडे असलेली ओळ, म्हणजे मधली, वर ठेवून शिवा. उलट बाजूला दोन शिलाया एकमेकींना छेदतात ती फुली दिसते, तुमची शिलाई त्या फुलीतून किंवा एक धागा कडेच्या बाजूने गेली की चांदणीचं टोक पूर्ण येतं. फुलीच्या आतून, म्हणजे कडेपासून लांब गेलात तर टोक बोथट होतं.

शेवटच्या दोन लांब शिलायांची इस्त्री कुठल्याही एका दिशेला चालेल. मग मोजा. साडेनऊ इंच आलं तर झकास. एखादा सूत इकडे-तिकडे असेल तर सोडून द्या, पुढच्या जोडात ओढून-ताणून जुळतं. दोन सुतांपेक्षा जास्त कमी आलं तर कात्री घेऊन बाहेरून सरळ करायला जाऊ नका, कारण चांदणीची टोकं कडेपासून पाव इंच आत असायला हवीत आणि ती जागा छाटली की पुढच्या ब्लॉकला जोडताना टोकं शिलाईत जातील. त्यापेक्षा कुठली शिलाई जाड गेलीय ती शोधा आणि तेवढी उसवा. उसवताना दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसरीकडून दोरा ओढायचा, कापड फाकवून फाडायचं नाही.

मशीन नसेल तर

हाताने छान होतं, आणि खरं सांगायचं तर हाताने टोकं जास्त नेमकी येतात. फक्त प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला पाव इंचावर शिलाईची रेघ मारून घ्या, बारीक धावदोरा घाला, चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका मारा म्हणजे सैल पडणार नाही, आणि दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, गुंततो. वेळ लागतो, संध्याकाळी टीव्हीसमोर बसून करण्यासारखं काम आहे. इस्त्री आणि छाटणी मात्र इथेही चुकत नाही.

एक झाला, पुढे काय

एका ब्लॉकला मागे कापड लावलं की चहाच्या किटलीखाली ठेवायला होतो. चार ब्लॉक जोडले की १८ इंच चौरस, त्याचं कुशन कव्हर होतं. १६ ब्लॉक म्हणजे चार-चारच्या चार ओळी, ३६ इंच चौरस, लहान बाळाच्या दुपट्याएवढं. चार ब्लॉक जोडाल तेव्हा सगळ्या चांदण्या एकाच दिशेला फिरतायत ना हे मांडून बघा, एखादी उलटी शिवली गेली असेल तर ती ब्लॉक फिरवून सरळ होत नाही, त्रिकोणवाले चारही तुकडे उसवून, फिरवून पुन्हा जोडावे लागतात. आणि कुशन करणार असाल तर ब्लॉकच्या मागे पॉपलिनचं अस्तर लावल्याशिवाय चेन शिवू नका, कारण पाव इंचाच्या उघड्या शिलाया उशी आत-बाहेर करताना आणि धुताना सुटायला लागतात.